नाव मोठे, बोटे थोडी

गेल्या पावसाळ्यात आमच्या भाच्याचा डावा हात पॉवर प्रेसमध्ये सापडला. अनामिका आणि करंगळी या दोन बोटांची शेंड्याची पेरे गेली. यंत्राला गार्ड नव्हता. कारखान्याचे नाव येथे लिहीत नाही, कारण नुकसानभरपाईचा दावा चालू आहे आणि त्याचे कागद आम्हीच करतो आहोत. पण आजचा लेख दाव्याविषयी नाही, गिटारविषयी आहे.

भाचा आमच्या वस्तीतल्या गायन पार्टीत गिटार वाजवतो. आम्ही पेटीवर बसतो. गिटारची गोष्ट अशी की उजव्या हाताने तारा छेडायच्या आणि डाव्या हाताच्या चार बोटांनी दाबायच्या. त्या चारांतली दोन गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर पोराने गिटार खोळीत घातली आणि कपाटावर टाकली. महिन्याभराने आम्ही अक्काकडे गेलो तर म्हणाला, "मामा, तुमच्या ऑफिसात कुणाला पाहिजे असेल तर बघा. दीड हजाराला देऊन टाकू." अक्का चहा गाळत होती. तिचा हात थांबला, पण ती काही बोलली नाही.

आम्ही "बघतो" म्हणून उठलो. गिऱ्हाईक मात्र शोधले नाही. आमच्या ओळखीचे एक वयस्कर गृहस्थ आहेत. उभी हयात त्यांनी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. त्यांना सगळी हकिगत सांगितली. ते म्हणाले, "त्याला मोठ्या नावाचे मायनर शिकवा. सेव्हन, नाईन, इलेव्हन."

आम्हांला वाटले, म्हातारा थट्टा करतो आहे. ज्याला साधा बी मायनर धरता येत नाही त्याला इलेव्हन शिकवायचा? तेव्हा त्यांनी कोपऱ्यातली गिटार उचलली, एका बोटाने एक तार दाबली आणि सहाही तारांवरून अंगठा फिरवला. खोलीत जो आवाज भरला तो ऐकून आम्ही गप्प बसलो. हा ई मायनर इलेव्हन होता. बोट लागले एकच.

त्या दिवसापासून आम्ही या विषयाच्या मागे लागलो. आम्ही कारकून माणूस, जमाखर्च जुळल्याशिवाय आम्हांला झोप येत नाही. हा हिशेबही पेटीवर बसून जुळवला. वाचक बंधू-भगिनींनो, घरात गिटार नसली तरी चालेल, पेटी किंवा मुलांचा छोटा कीबोर्ड पुढे घ्या.

पांढरी तीन हा सा धरा. इंग्रजीत त्याला ई म्हणतात. आता सा, कोमल ग आणि प हे तीन सूर एकदम दाबा, म्हणजे पांढरी तीन, पांढरी पाच आणि पांढरी सात. हा झाला ई मायनर. कोमल गंधारामुळे तो मायनर झाला. गंधार शुद्ध केला की मेजर होतो. बाकी सगळा डोलारा या तीन सुरांवर उभा आहे.

या तिघांत एक रीत दिसते. एक सूर घ्यायचा, पुढचा सोडायचा, त्यानंतरचा घ्यायचा. सा घेतला, रे सोडला. ग घेतला, म सोडला. प घेतला. आता तीच रीत पुढे चालू ठेवा. ध सोडा, कोमल नी घ्या. सा पहिला मोजला तर नी सातवा, म्हणून याचे नाव मायनर सेव्हन. पुढे वरचा सा सोडा आणि वरच्या सप्तकातला रे घ्या. तो नववा, म्हणून मायनर नाईन. मग ग सोडून म घेतला की तो अकरावा, आणि प सोडून ध घेतला की तेरावा. तेराव्यानंतर वाट संपते. कारण पुढे प्रत्येक वेळी घेतलेलेच सूर परत येतात.

रे हा दुसरा सूर असताना त्याला नववा का म्हणायचे, हे आम्हांलाही कोडे होते. उत्तर असे की तो सातव्याच्या डोक्यावर बसलेला आहे. खालचा कोमल नी नसेल आणि नुसता रे घातला असेल, तर त्याला नाईन म्हणत नाहीत, 'अ‍ॅड नाईन' म्हणतात. तसेच ध घातला पण नी नसेल तर थर्टीन नाही, 'मायनर सिक्स'.

आता सर्व सूर एका ओळीत मांडा. सा, रे, कोमल ग, म, प, ध, कोमल नी. पेटीवाल्यांच्या लगेच लक्षात येईल की हा काफी थाट आहे. मायनर थर्टीन म्हणजे काफीचे सातही सूर एकाच वेळी. परदेशी संगीतात या सुरांच्या ओळीला डोरियन म्हणतात. हे जुळले त्या रात्री आम्ही घरात इतक्या मोठ्याने "अरे!" म्हणालो की मंडळी स्वयंपाकघरातून धावत आल्या.

आता गिटारकडे येऊ. गिटारला तारा सहा. सर्वांत बारीक ती पहिली आणि सर्वांत जाड ती सहावी. जाड तारेपासून मोकळ्या तारांचे सूर असे: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन. सा जर पांढरी तीन असेल तर हेच सूर झाले सा, म, कोमल नी, कोमल ग, प, सा. म्हणजे गिटारला हातही न लावता, नुसती सुरात लावून छेडली, तरी तिच्यातून ई मायनर इलेव्हनच निघतो. त्यात फक्त नववा सूर, म्हणजे रे, नसतो. पहिल्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला बोट ठेवा, तिथे काळी तीन आहे, तोच रे. सहा तारांवर सहा वेगवेगळे सूर आणि बोट एक. म्हाताऱ्यांनी आम्हांला ऐकवला तो हाच.

ई मायनरचे सगळे घराणे दुसऱ्याच फ्रेटवर राहते. साध्या ई मायनरला पाचवी आणि चौथी तार दाबायची. चौथीवरचे बोट उचलले की मायनर सेव्हन. पाचवी तशीच ठेवून पहिली तार दाबली की मायनर नाईन. त्यात दुसरी तारही दाबली की तिथे काळी एक, म्हणजे शुद्ध ध, येतो आणि मायनर थर्टीन होतो. येथे एक बोट पाचव्या तारेवर आणि दुसरे बोट आडवे करून पहिल्या दोन तारांवर, असे दोन बोटांतही भागते.

थर्टीनचे सूर सात आणि तारा सहा, मग एकाला घरी बसवावे लागते. वर सांगितलेल्या आकारात म नाही. सूर कमी करायची वेळ आली तर कोणाला काढायचे? बहुतेक वेळा पंचम काढतात, कारण तो असला काय नि नसला काय, रंग फारसा बदलत नाही. सोबत बेस गिटार किंवा कीबोर्डचा डावा हात असेल तर सा त्यांच्यावर सोपवता येतो. पण कोमल ग आणि कोमल नी यांना हात लावायचा नाही. ग गेला तर मायनरपणा गेला. नी गेला तर वरच्या सुरांचा आधार गेला.

ए मायनरमध्ये तर आम्हांला हसू आले. येथे सा म्हणजे पाचवी मोकळी तार. सहावी वाजवायची नाही. साध्या ए मायनरला तीन बोटे लागतात: चौथी आणि तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर, दुसरी तार पहिल्या फ्रेटवर. तिसऱ्या तारेवरचे बोट उचला, सेव्हन झाला, बोटे दोन. चौथीवरचेही उचला, इलेव्हन झाला, बोट एक. नाव वाढत जाते आणि बोटे घटत जातात. आमच्या ऑफिसात नेमके याच्या उलटे आहे. (काटेकोर हिशेबाने या शेवटच्या कॉर्डात नववा सूर नाही, म्हणून पुस्तकात त्याला 'मायनर सेव्हन अ‍ॅड इलेव्हन' असेही लिहितात. वाजवताना कोणी पावती मागत नाही.) नाईन पाहिजे असेल तर चौथी आणि तिसरी तार पाचव्या फ्रेटवर दाबा आणि पाचवी, दुसरी, पहिली मोकळ्या सोडा. दोन बोटे, तीही शेजारी शेजारी.

आता खरी अडचण, बी मायनर. साधा बी मायनर हा बार कॉर्ड आहे. तर्जनी दुसऱ्या फ्रेटवर आडवी, मधले बोट तिसऱ्या फ्रेटवर, आणि अनामिका, करंगळी चौथ्या फ्रेटवर. भाच्याला तो या जन्मी नाही. पण पाचवी आणि तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबा, चौथी, दुसरी, पहिली मोकळ्या ठेवा आणि सहावी टाळा. सूर येतात सा, कोमल ग, कोमल नी, पुन्हा सा आणि म. बी मायनर इलेव्हन! पंचम नाही, नववा नाही, पण बी मायनरच्या जागी तो ठणठणीत उभा राहतो. लागतात फक्त तर्जनी आणि मधले बोट.

हे तिन्ही कागदावर काढून आम्ही एका रविवारी अक्काकडे गेलो. भाच्याने कागद पाहिला आणि म्हणाला, "मामा, तुम्ही माझ्यासाठी सोपे करून आणलेत. लंगड्याला काठी." आम्हांला लागले. खोटे कशाला सांगा, उत्तर सुचले नाही. म्हणून आम्ही त्याला दोन माणसांच्या गोष्टी सांगितल्या.

जँगो राइनहार्ट हा रोमा समाजातला गिटारवादक, जन्म बेल्जियममध्ये १९१० चा. रोमा म्हणजे ज्यांना युरोपने जिप्सी म्हणून हिणवले ते लोक. त्यांच्या भाषेचे मूळ आपल्याच देशातले. १९२८ साली पॅरिसजवळ त्याच्या राहत्या गाडीला आग लागली आणि डाव्या हाताची अनामिका व करंगळी कायमची आखडली. म्हणजे आमच्या भाच्याचीच दोन बोटे. तो पुन्हा शिकला. तर्जनी आणि मधल्या बोटाने धावायचे आणि आखडलेली बोटे कॉर्डात जमेल तेवढी टेकवायची. १९३७ साली व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली याच्यासोबत त्याने 'मायनर स्विंग' ध्वनिमुद्रित केले. त्याच्या शैलीत साध्या मायनरच्या जागी मायनर सिक्स वारंवार येतो. वर सांगितलेला तेरावा सूर तो हाच, फक्त नी शिवाय.

दुसरा टोनी आयोमी, इंग्लंडच्या बर्मिंगहॅमचा. १९६५ साली, सतरा वर्षांचा असताना, पत्र्याच्या कारखान्यात कामाच्या शेवटच्या दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचे शेंडे नेले. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. त्याने गिटार सोडायचे ठरवले होते. कारखान्यातल्या फोरमनने त्याला जँगोची रेकॉर्ड ऐकवली आणि मग सांगितले की हा माणूस दोन बोटांवर वाजवतो. आयोमीने प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, त्यांवर चामडे चिकटवले आणि जाड तारा काढून हलक्या तारा चढवल्या. पुढे त्याने ब्लॅक सॅबथ या बँडमध्ये जे वाजवले ते जगाने ऐकले.

पोराने दोन्ही गोष्टी ऐकल्या. "टोप्यांचे बघायला पाहिजे," एवढेच म्हणाला. त्या रात्री गिटार कपाटावरून खाली आली, हे आम्हांला अक्काने फोनवर सांगितले.

'लंगड्याला काठी' या बोलण्याचे उत्तर आम्हांला नंतर सापडले. २ मार्च १९५९ रोजी न्यूयॉर्कमध्ये माइल्स डेव्हिस या काळ्या ट्रम्पेटवादकाने 'सो व्हॉट' नावाची रचना ध्वनिमुद्रित केली. 'काइंड ऑफ ब्लू' या त्याच्या रेकॉर्डवर ती पहिलीच आहे. तिच्या सुरुवातीला बेसवर एक ओळ येते आणि पियानोवर बिल एव्हान्स दोन कॉर्डांत तिला उत्तर देतो. त्यांतल्या पहिल्या कॉर्डाचे सूर खालून वर असे: पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात. वर गिटारच्या मोकळ्या तारा लिहिल्या आहेत, त्यांतली शेवटची सोडून ताडून पाहा. सूर तेच, क्रमही तोच. दुसरा कॉर्ड म्हणजे हीच मांडणी एक पूर्ण सूर खाली. जाझवाले या मांडणीला त्या रचनेच्याच नावाने ओळखतात. दोन्ही हात धड असलेल्या थोर पियानोवादकाने ती हौसेने निवडली होती, अडचण म्हणून नव्हे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, रेकॉर्ड बाजारात आल्यावर काही दिवसांतच, डेव्हिस आपल्याच कार्यक्रमाच्या मधल्या सुट्टीत क्लबबाहेर उभा होता. तिथे पोलिसांनी त्याचे डोके फोडले. क्लबच्या पाटीवर त्याचे नाव होते. ही हकिगत या ओघात सांगायची नव्हती, पण वगळवत नाही.

असो. तर भाच्याने महिनाभर रियाज केला आणि तालमीला आला. पहिल्याच गाण्यात ढोलकीवाले दादा थांबले. म्हणाले, "हे काय दुखल्यासारखे वाजतेय?" त्यांचे खरे होते. चूक भाच्याची नव्हती, आमची होती. आम्ही आकार दिले, पण ते कुठे वापरायचे नाहीत हे सांगितले नव्हते. ते आता सांगतो.

मायनरवरचा नववा सूर शुद्ध रे आहे. चाल भैरवीच्या अंगाची असेल तर गाणारा कोमल रे लावतो. तिकडे गायकाचा कोमल रे आणि इकडे गिटारचा शुद्ध रे, भांडण ठरलेले. अशा चालीत नाईन बंद. सेव्हन चालेल. इलेव्हन घ्यायचा तर नववा नसलेलाच, म्हणजे ई मायनरला नुसत्या मोकळ्या तारा. तेरावा सूर शुद्ध ध आहे. चालीत कोमल ध असेल तर थर्टीन बंद. ओळखायची सोपी खूण अशी की ई मायनरच्या गाण्यात जोडीला साधा ए मायनर बसत असेल तर ध कोमल आहे, कारण ए मायनरमध्ये पांढरी एक असते आणि ती ई चा कोमल ध होते. जोडीला ए मेजर बसत असेल तर ध शुद्ध, खुशाल थर्टीन लावा. अकरावा म मात्र मायनरमध्ये क्वचितच त्रास देतो. मेजरमध्ये शुद्ध ग आणि म अर्ध्या सुरावर असल्यामुळे एकमेकांना घासतात. मायनरमध्ये ग कोमल असल्यामुळे दोघांत पूर्ण सुराचे अंतर राहते. म्हणून अकरावा सूर मायनरच्या घरी सुखाने नांदतो.

दुसरी चूक म्हणजे हे कॉर्ड साध्यासारखे जोरात खरडले की नुसता चिखल होतो. सूर जास्त, त्यामुळे गर्दी जास्त. तारा एकेक करून, जाड तारेकडून बारीक तारेकडे, सावकाश सोडाव्या. ढोलकी चढत्या लयीत असेल तेव्हा साधा सेव्हन पुरतो. गायक ओळीच्या शेवटी पंचमावर किंवा षड्जावर थांबला आणि ठेका मोकळा आहे, ती नाईनची आणि इलेव्हनची जागा.

पार्टीत कीबोर्ड वाजवणारी मुले असतात, त्यांच्यासाठीही एक गोष्ट. डाव्या हाताने ई मायनर धरा आणि उजव्या हाताने त्यावर डी मेजर. जोडून ई मायनर इलेव्हन होतो. डी मेजरऐवजी बी मायनर धरला तर नाईन. आमच्यासारख्या जुन्या पेटीवाल्याला दोन्ही हात पट्टीवर मिळत नाहीत, एक भात्याला लागतो. म्हणून आम्ही नुसता वरचा डी मेजर दाबतो आणि खालचे भाच्यावर सोडतो. ऐकणाऱ्याला ती एकच गोष्ट वाटते.

परवाच्या तालमीत त्याने बी मायनर इलेव्हनवरून ई मायनर इलेव्हनवर येताना एकदाही मान खाली घालून हाताकडे पाहिले नाही. दादांनी ढोलकी थांबवली नाही. बोटांच्या टोप्या अजून केलेल्या नाहीत. चामड्याचा तुकडा आमच्या शेजारच्या चांभारकाम करणाऱ्या काकांनी देऊन ठेवला आहे.

रात्री साडेदहाला फोन आला. "मामा, झोपलात? त्या नव्या गाण्यात डी मायनर आहे. त्याचे काय करू?"

आम्ही उठून पेटी काढली. मंडळींनी कूस बदलली. डी मायनर सेव्हन घे म्हटले. चौथी तार मोकळी, तिसरी दुसऱ्या फ्रेटवर मधल्या बोटाने, आणि तर्जनी आडवी करून पहिल्या दोन तारा पहिल्या फ्रेटवर. पाचवी-सहावी वाजवू नकोस. फोन त्याने खाली ठेवला असावा, कारण थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग तारा वाजल्या. दुसरी तार नीट दबली नव्हती, खरखर आली. त्याने पुन्हा लावली.

"पुन्हा," आम्ही म्हणालो.